साम्सांच्या घरातला सोफा

‘मेटामॉर्फोसिस’ ही दीर्घकथा छापून येत होती तेव्हा, 1915 मध्ये, फ्रान्झ काफ्काने प्रकाशकाला कळवलं होतं की मुखपृष्ठावर किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. त्याचं मानून किड्याकडे बघणं सोडलं, तर कथेचा नायक ग्रेगोर साम्सा याच्या खोलीत नजर ठरते ती सोफ्यावर.

सोफा बुटका आहे. कापडाचा हा फिरता विक्रेता किडा झाल्यावर त्याच्याखाली शिरला, तेव्हा पाठ थोडी दबली, मान वर करता येईना. तरी त्याला तिथे बरं वाटलं. वाईट एवढंच वाटलं, की आपलं रुंद अंग पुरतं आत मावत नाही. सोफ्याने त्याला काही विचारलं नाही. तू अजून आमचाच आहेस का, कामावर कधी जाणार, घर कसं चालायचं, हे प्रश्न दाराबाहेरच्या माणसांचे. सोफ्याला पेलणं ठाऊक. वर कोण बसलं आणि खाली कोण दडलं, याचा तो हिशेब ठेवत नाही.

तरीही त्याला नुसता दयाळू म्हणायला माझं मन धजत नाही. त्याने घराची फार मोठी सोय केली. बहीण ग्रेटे खाणं घेऊन यायची, किल्ली फिरली की ग्रेगोर खाली सरकायचा. पण अंगाचा जो थोडा भाग बाहेर राहतो तोही तिला सोसवत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग एके दिवशी त्याने चादर पाठीवर घेऊन सोफ्यापर्यंत नेली आणि आपण अजिबात दिसणार नाही अशी वरून सोडली. त्याला चार तास लागले. बहिणीने चादर काढली नाही. उलट तिच्या नजरेत आभार दिसल्यासारखं त्याला वाटलं.

वडिलांनी फेकलेलं, पाठीत रुतून बसलेलं सफरचंद सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला हे चार तास जास्त क्रूर वाटतात. ही चादर त्याला कुणी ओढायला सांगितली नव्हती. पाहुणे यायच्या वेळी न सांगता आतल्या खोलीत जाऊन बसणारं मूल आपल्याकडच्या घरांतही असतं, आणि त्याला आपण शहाणं म्हणतो.

पुढे ग्रेटेने ठरवलं की खोलीतलं सगळं सामान काढायचं, सोफा तेवढा ठेवायचा. आई मदतीला आली. ती येणार म्हणून ग्रेगोरने चादर आणखी खाली ओढून घेतली होती. कपाट हललं, शाळकरी वयापासून ज्यावर अभ्यास केला ते टेबल हललं, आणि त्याला राहवेना. तो बाहेर आला, भिंतीवर चढला आणि तिथलं एक चित्र अंगाखाली दाबून धरलं. निदान हे तरी कुणाला नेऊ द्यायचं नाही म्हणून. आईने त्याला पाहिलं, किंचाळली, आणि हात पसरून त्याच सोफ्यावर कोसळली. सोफ्याने तिलाही पेललं.