नावाचा रिकामा रकाना

लेकीचा अमेरिकेतून फोन आला. ग्रीन कार्डाच्या अर्जाला जन्माचा दाखला लागणार होता. त्यावर तिचं नाव आणि आई-वडिलांची नावं, तिन्ही हवीत असं वकिलाने बजावलं होतं. "पाठवते की," मी म्हटलं. दाखला घरात असणार याची मला खात्रीच होती. कपाटातली कागदांची पिशवी पलंगावर उपडी केली. लसीकरणाचं कार्ड निघालं, शाळा सोडल्याचा दाखला निघाला, दहावी-बारावीची गुणपत्रकं निघाली. जन्माचा दाखला तेवढा नव्हता. शाळेत नाव घालताना आम्ही प्रतिज्ञापत्र करून दिलं होतं, ते आठवलं. त्यानंतर तो दाखला कुणी मागितला नाही आणि आम्हीही काढला नाही.

आम्ही राहतो त्या शहरातल्या कार्यालयात गेले. नोंद नव्हती. बाहेर पडले तर पायरीवर एक माणूस उभा. "ताई, गाव कुठलंही असू द्या, दोन दिवसांत काढून देतो." मी मान हलवून पुढे निघाले, पण खरं सांगते, क्षणभर पाय अडखळले होते. घरी आल्यावर यांनी एवढंच विचारलं, "अगं, ती जन्मली कुठे?"

बोदवडला! माझ्या माहेरी. जन्माची नोंद होते ती बाळ जिथे जन्मलं तिथल्या निबंधकाकडे, आपण राहतो तिथे नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे कितीतरी मुलांची पहिली ओळ आजोळच्या दप्तरात असते आणि आई-वडील ती सासरच्या गावात शोधत बसतात. मीही तेच केलं होतं.

डिसेंबरात निघाले. भुसावळला गाडी बदलली. वरणगाव, आचेगाव मागे पडलं आणि बोदवड आलं. स्टेशनवरून गावात जाताना कापसाने भरलेल्या गाड्या लागल्या, थंडीचा वारा तोंडावर आला आणि एकदम तीस वर्षांपूर्वीचा पौष आठवला. तेव्हाही अशीच थंडी. भुसावळच्या दवाखान्यात जायचं ठरलेलं, पण तेवढा वेळच मिळाला नाही. पहाटे घरातच झाली. नर्सबाई सायकलवरून आल्या होत्या. अप्पा, माझे वडील, ओट्यावर शेकोटीपाशी बसून होते.

दारात वहिनी उभीच होती. "कव्हा निघाली वं ताई? आधी जेव." कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्ल्याशिवाय तिने मला कार्यालयाचं नावसुद्धा काढू दिलं नाही.

लेकीच्या जन्माच्या वेळी इथे ग्रामपंचायत होती. आता नगरपंचायत आहे आणि जुनं दप्तर तिथेच आलेलं. मी अर्ज लिहून दिला. आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख 27 डिसेंबर 1995. कर्मचाऱ्याने 1995चं रजिस्टर काढलं. जाड पुठ्ठ्याचं, कडा वाळवीने कुरतडलेल्या. पानं उलटत तो डिसेंबरपर्यंत आला. बोटाने एकेक ओळ खाली सरकत गेला. डिसेंबर संपला. आमचं नाव नाही.

माझ्या घशाला कोरड पडली. नोंद नसेल तर पुढचा रस्ता लांबचा असतो, हे मी चौकशी करून आले होते. आधी अनुपलब्धता प्रमाणपत्र, मग उशिराच्या नोंदणीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश, पुरावे, पडताळणी. मी विचारत होते की आता अर्ज कुणाकडे करायचा, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे वयस्कर गृहस्थ म्हणाले, "पुढच्या सालाचं पाहा. रजिस्टर जन्माच्या तारखेने नसतं, वर्दी दिल्याच्या तारखेने असतं."

किती साधी गोष्ट! आणि ती न कळल्यामुळे 'नोंद नाही' असा कागद घेऊन किती जण माघारी जात असतील. 1996चं रजिस्टर आलं. पहिलंच पान. 4 जानेवारीच्या तारखेखाली आमची ओळ होती. जन्म 27 डिसेंबर 1995, स्त्री, वडिलांचं नाव, माझं नाव, गाव बोदवड, तालुका भुसावळ. आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा.

ओळीच्या शेवटी वर्दी देणाऱ्याची सही होती. अप्पांची. 'र'ला त्यांची ती लांब शेपटी, आणि नावाखाली मारलेली तिरकी रेघ. अप्पा जाऊन अकरा वर्षं झाली. मी रजिस्टरवर वाकले होते, तशीच थोडा वेळ राहिले. कर्मचाऱ्याने घाई केली नाही.

घरात जन्म झाला तर वर्दी देण्याची जबाबदारी कर्त्या माणसाची, असं 1969चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. महाराष्ट्रात तो 1 एप्रिल 1970पासून लागू आहे. अप्पांना कायद्याचं कलम ठाऊक असेल असं वाटत नाही. पण नातीच्या जन्मानंतर आठव्या दिवशी ते आपणहून जाऊन सही करून आले. नाव लिहिलं नाही, कारण नाव तेव्हा नव्हतंच. बारसं बाराव्या दिवशी झालं. सासरहून आत्या आली, तिने कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. ते नाव घेऊन ग्रामपंचायतीत पुन्हा जायचं मात्र आम्हा कुणालाच सुचलं नाही. बारा महिन्यांच्या आत ते फुकट लिहून मिळालं असतं. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आम्ही दोन्ही मुदती घालवल्या होत्या. 2000 सालाआधीच्या अशा नोंदींत नाव घालायला शासनाने 27 एप्रिल 2026पर्यंत मुदत वाढवलेली होती, म्हणून आमचं निभावलं. लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्टची प्रत, आमची दोघांची आधार कार्डं आणि अर्ज असे कागद जोडले, शुल्क भरलं आणि पोच घेतली.

एक शंका मनात राहिली होती. जुन्या ओळीत तालुका भुसावळ, नव्या शिक्क्यावर तालुका बोदवड. अमेरिकेतला साहेब म्हणेल, ही दोन गावं आहेत का? भावाने समजूत घातली. बोदवड तालुका झाला 1999 साली. लेक जन्मली तेव्हा गाव भुसावळ तालुक्यातच होतं, तेव्हा दोन्ही खरं. मग त्याने अप्पांचा शाळेचा दाखला काढून दाखवला. त्यावर जिल्हा 'पूर्व खानदेश'. 1906मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि 1960मध्ये पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. गाव जागचं हललं नाही, पण तीन पिढ्यांच्या कागदांवर त्याचा पत्ता तीन तऱ्हेने लिहिलेला आहे.

अप्पांच्या स्वतःच्या जन्माची नोंद शोधायची तर आणखी मागे, गाव नमुना 14मध्ये जावं लागेल. त्यालाच लोक कोतवालबुक म्हणतात. 2023मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षांतून बाहेर आली, आणि त्यांतल्या मोडी ओळी वाचायला जाणकार शोधावे लागले. शंभर वर्षांपूर्वी कोतवालाने लिहिलेली एक ओळ आज पणतवंडांच्या प्रवेशाला आणि नोकरीला उपयोगी पडते आहे. आणि आता तर 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा. त्यांच्या आई-वडिलांना आमच्यासारखं प्रतिज्ञापत्रावर भागवता येणार नाही.

म्हणून मी आता बारशाला गेले की घुगऱ्या हातात घेतानाच विचारते, "दाखल्यावर नाव घातलं का?" बायका हसतात. हसू देत. बाळाच्या नावाने पाळणा हलतो, तेव्हाच तो रकानाही भरावा. जुना दाखला शोधायचा असेल तर आधी जन्माचं गाव नक्की करावं, आणि डिसेंबरचं बाळ जानेवारीतही पाहावं. नोंदीचा शोध घ्यायला लावणं आणि तिचा उतारा मागणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्यासाठी पायरीवरच्या माणसाची गरज नाही.

काही दिवसांनी पुन्हा बोदवडला गेले. त्या कोऱ्या रकान्यात लेकीचं नाव लिहिलेलं होतं, बाजूला तारीख आणि निबंधकाची सही. तीस वर्षं जुनी फिकट निळी शाई आणि तिच्याशेजारी ताजी काळी. छापील दाखला हातात मिळाला तो मी दोनदा वाचला आणि तिथूनच फोटो पाठवला.

तिच्याकडे पहाट होती. लगेच फोन आला. "आई, आजोबांची सही कुठे आहे यात?"

"दाखल्यावर नसते गं ती," मी म्हटलं. "ती इथे रजिस्टरात आहे, तुझ्या नावाच्याच ओळीत. तू आलीस की अर्ज करू आणि दोघी मिळून पाहू."