दिवा लावला, तेल कोण घालणार?

मैत्रिणींनो, दिवेलागणीला देवापुढे दिवा लावताना आपण आधी काय बघतो? समईत तेल आहे की नाही ते. वात कितीही सुबक वळलेली असो, तेल नसेल तर ती काजळी धरून विझते. हे शहाणपण आपल्याला आई-आजीकडून मिळाले, त्याला काही पदवी लागत नाही. पण खेड्यापाड्यांतल्या सौरदिव्यांचा विषय निघाला की ते कुठे जाते कोण जाणे! ‘सूर्य फुकट, वीज फुकट, एकदा बसवले की काम झाले,’ असे सगळेच म्हणतात. या ‘काम झाले’बद्दलच आज तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, वसई-विरारच्या भरवस्तीत राहणाऱ्या आपल्याला पाड्यांवरच्या विजेची चौकशी कशाला? सांगते. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले ते इथेच, तारापूरला. डहाणूचे औष्णिक केंद्र १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवते आहे. आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत, कितीतरी पाड्यांनी वर्षानुवर्षे रॉकेलच्या चिमणीवर रात्री काढल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, नाही का?

दिवाळी झाली की त्या भागातली माणसे पोटासाठी आपल्याकडे उतरतात. वीटभट्टीवर, बांधकामावर, वाड्यांतून कामे करतात. आमच्या शेजारच्या वाडीत अशीच एक बाई दरवर्षी येते. तिच्या मुलीला वाचायला बसवायची मला हौस. शिकवण्याचा पेशा अर्धवेळ असला तरी खोड पूर्णवेळ लागते! पोरगी हुशार आहे. मी सहज विचारले, “गावी गेल्यावर रात्री अभ्यास करतेस ना ग?” उत्तर आईनेच दिले, “बाई, दिवा हाय, पन लागत नाय.”

कुठल्याशा योजनेतून घरावर सोलरची प्लेट बसली होती. दोन-तीन वर्षे छान उजेड पडला, मग बॅटरी बसली. सांगायचे कुणाला ते ठाऊक नाही, नवी बॅटरी घेण्याइतके पैसे हाती नाहीत. प्लेट अजून छपरावर ऊन खात पडली आहे आणि पोरीचे पुस्तक दिवस मावळला की मिटते.

यात विज्ञान काही अवघड नाही. प्लेट पंचवीसेक वर्षे टिकते. ती दिवसा वीज तयार करते, पण आपल्याला उजेड हवा रात्री. म्हणून वीज साठवायला बॅटरी. ही बॅटरीच त्या दिव्याचे तेल! साधी शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. ती पुन्हा पुन्हा पार रिकामी होऊ दिली तर लवकर मरते, आणि नीट जपली तरी काही वर्षांनी बदलावीच लागते. आपल्या कोकणच्या पावसात ढग आठ-आठ दिवस हटत नाहीत, तेव्हा तिचे हाल अधिकच.

सरकारला हे कळत नाही असे मुळीच नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘सौभाग्य’ योजना आली. तारा पोचणार नाहीत अशा दुर्गम घरांना तिच्यात सौर संच होता. पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. योजना मार्च २०२२ मध्ये संपली. हेतू चांगलाच होता. पण सहाव्या वर्षी काय? पाच वर्षांनी सासर-माहेर दोघांनी हात झटकले तर सून जाणार कुठे?

आता दुसरी एक तऱ्हा बघा. राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. खाजगी कंपनी स्वतःच्या खर्चाने सौर प्रकल्प उभारते आणि महावितरण तिच्याकडून पंचवीस वर्षे वीज विकत घेते. मतलब असा की शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री-अपरात्री काळोखात पाणी द्यायला जावे लागू नये. घरी जागत बसलेल्या बाईला विचारा याची किंमत! इथे कंपनीला पैसे मिळतात ते तयार झालेल्या विजेचे. प्लेटवर धूळ साचली की तिचेच नुकसान, म्हणून ती आपणहून प्लेटा धुते. दिवा बसवला की बिल वसूल, अशी बोली असेल तर मागे वळून बघणार कोण? सरकारी-खाजगी भागीदारी म्हणतात ती शेवटी संसारासारखीच असते. कोण काय सांभाळणार हे आधी ठरले तर पुढे भांडणे कमी.

तिसरी वाट पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीने धरली. २०१२ साली तिथे ‘ग्राम ऊर्जा’ या पुण्याच्या संस्थेने, बॉश कंपनीच्या आर्थिक मदतीतून, ९.४ किलोवॉटचा सौर प्रकल्प उभारून ३९ घरांना वीज दिली. घरोघरी मीटर लावले, वापराप्रमाणे महिन्याचे पैसे घेतले आणि ते गावाच्याच न्यासाकडे देखभालीसाठी जमा केले. म्हणजे आपली भिशीच की! आणि दुरुस्तीला शहरातूनच माणूस यायला हवा असेही नाही. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात फारसे न शिकलेल्या, नातवंडे झालेल्या बायकासुद्धा सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या आहेत.

हाच धडा आपल्या गच्चीलाही लागू पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराला ३ किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठेवले आहे. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॉटला १८,००० रुपये. तुमच्या सोसायटीत विषय निघाला तर सभेत जरूर विचारा: प्लेटा कोण धुणार? इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची? तक्रार कुणाकडे, आणि तो किती दिवसांत येणार? बॅटरी नसलेला संच लाइट गेली की बंदच होतो, हेही आधी समजून घ्या. नंतर रुसवेफुगवे नकोत.

आणि एक विनंती. दिवाळीत आपली महिला मंडळे पाड्यांवर कंदील वाटतात, फोटो निघतात. यंदा दहाऐवजी आठच दिवे द्या आणि उरलेल्या पैशांचा बॅटरीसाठी त्या गावच्या बचतगटाकडे निधी ठेवा. पाड्यावरच्या एखाद्या चुणचुणीत मुलीला दुरुस्ती शिकवण्याची सोय बघा. दिव्याच्या खोक्यावर बिघाड झाल्यास फोन कुणाला करायचा, तो नंबर मराठीत, ठळक लिहून द्या. दोन दिवे कमी दिले म्हणून पुण्य काही कमी होणार नाही. उरलेले आठ मात्र पुढची कितीतरी वर्षे तेवत राहतील.