फटाक्यांच्या गावातले बुलबुल

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडाईची यात्रा भरते. पालखी चुन्याच्या रानात जाते आणि जमलेली सगळी माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात. येरमाळा आमच्या तेरखेड्याच्या शेजारचंच गाव, त्यामुळं त्या दिवसांत आमच्याही रस्त्यांवर यात्रेची धूळ असते. याच सुमाराला परसात बुलबुलाची जोडी काड्या वेचू लागते. माणसं देवीसाठी वेचतात, हे दोघं पोरांसाठी.

परस म्हणजे बाग नव्हे. न्हाणीचं पाणी मुरतं त्या जागी माजलेली मेंदी, एक शेवगा, एक डाळिंब, कोपऱ्यात रचलेल्या तुराट्या आणि भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचा लिंब. बालाघाटाच्या या माथ्यावर वैशाखात जे हिरवं उरतं ते बहुधा असं मोरीच्या पाण्यावरच. तेरणा नदीचा उगम याच भागातला, पण उगमाजवळच्या गावांच्या वाट्याला नदी येत नाही, नाला येतो, आणि तोही उन्हाळ्यात कोरडा. बुलबुलाला हे सगळं ठाऊक असावं. तो सरळ न्हाणीमागं येतो.

काळं डोकं, त्यावर जरा विस्कटलेला तुरा, शेपटीच्या बुडाशी लाल डाग. पुस्तकांत याचं नाव लालबुड्या बुलबुल. फारसी शायरीत गुलाबासाठी झुरणारा बुलबुल हा नव्हे, तो पक्षीच निराळा. आमचा हा झुरणाऱ्यांपैकी नाही. सरडा दिसला, भारद्वाज दिसला, आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी भांडायला उठतो.

घरटं छातीएवढ्या उंचीवर, मेंदीच्या दाटणीत. बारीक मुळ्या, वाळलं गवत, काटक्या, आणि ते सगळं धरून ठेवायला कोळ्याचं जाळं. एका वर्षीच्या घरट्यात हिरव्या सुतळीचा एक धागा गुंफलेला होता. तो कुठून आला हे आमच्या गावात कुणी विचारणार नाही. सोलापूरहून बीडकडं जाताना येरमाळा मागं पडला की महामार्गाच्या कडेला फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या सुरू होतात, ते हे गाव. लोक शिवकाशीशी तुलना करतात. दिवाळीच्या आधी लांबलांबून गाड्या येतात, आणि गावातल्या कितीतरी बायांचे हात वर्षभर वाती, कागद आणि सुतळी यांतच गुंतलेले असतात. त्यातला एखादा धागा वाऱ्यानं परसात येणं सहज आहे.

अंडी दोन किंवा तीन, गुलाबी झाक असलेली, तांबूस ठिपक्यांची. जेमतेम दोन आठवडे उबवणं. मग जे बाहेर येतं त्याला पाखरू म्हणायला धीर लागतो. अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, सगळा जीव चोचीत. फांदी हलली की मान वर आणि तोंड उघडं, मग फांदी आईनं हलवलेली असो की वाऱ्यानं. पहाटेपासून दोघांच्या खेपा सुरू होतात. एरवी फळांवर तुटून पडणारे हे पक्षी पोरांना मात्र अळ्या आणि नाकतोडे भरवतात, कारण अंग भरायला प्रथिनं लागतात. परतीच्या खेपेतही चोच रिकामी नसते. पिल्लाची विष्ठा पांढऱ्या पातळ पिशवीत बांधलेली येते, ती उचलून ते लांब नेऊन टाकतात. घरट्याखाली घाण साचली तर मांजराला पत्ता मिळतो. दुपारी पत्रे तापतात तेव्हा मादी घरट्याच्या काठावर पंख पसरून, चोच उघडी टाकून उभी असते. तिची सावली जेवढी, तेवढंच पिल्लांचं छप्पर.

हे सगळं साधारण बारा दिवस चालतं. बारा दिवसांत त्या मांसाच्या गोळ्याचं पाखरू व्हायचं असतं, आणि खरं सांगायचं तर ते पुरतं होत नाही.

घरटं सोडण्याचा दिवस आपल्या मनात चित्रांतून आणि शाळेतल्या धड्यांतून बसलेला असतो. पिल्लू पंख पसरतं, आकाशाकडं झेपावतं, आई कौतुकानं बघते. परसात असलं काही घडत नाही. सकाळी उन्हं मेंदीवर येण्याच्या वेळी एक पिल्लू काठावर चढलं. पिसं अजून नळ्यांतून अर्धीच सुटलेली, शेपटी बोटाच्या पेराएवढी, चोचीच्या कडा पिवळ्या. नर समोर डाळिंबावर अळी घेऊन आला आणि तिथंच बसला. रोजची खेप थेट तोंडात पडायची, आज पडेना. पिल्लू ओरडलं, पंख थरथरवले, एक पाय फांदीवर ठेवला, मागं घेतला. नर उडून शेवग्यावर गेला, परत डाळिंबावर आला, अळी तशीच. बराच वेळ ही घासाघीस चालली. शेवटी पिल्लानं पाय सोडले, आणि ते उडालं म्हणण्यापेक्षा तिरकं खाली आलं. तुराट्यांच्या ढिगावर आपटलं, घसरलं, एका काडीला लटकलं, मग कसंबसं वर चढून बसलं. तेव्हा कुठं अळी मिळाली.

दुसरं त्याच्या पाठोपाठ आलं. तिसरं घरट्यात एकटंच उरलं आणि एकटं पडल्यावर त्याला जागा पुरेना की काय, दुपारच्या आत तेही मेंदीच्या बुंध्याशी उतरलं. घरटं रिकामं झालं. जमिनीवर पंखांपेक्षा पायांवर जास्त भरवसा असलेली तीन पाखरं तीन दिशांना पांगली.

मला या दृश्याचा उत्सव करता येत नाही. ज्याला आपण भरारी म्हणतो ती इथं नसते. एवढी घाई कशासाठी, हा प्रश्न मात्र पडतो. उत्तर घरट्याच्याच रचनेत आहे. पिंगळा ढोलीत राहतो, त्याची पिल्लं जवळपास महिनाभर आत बसून धष्टपुष्ट होतात. चिमणीला भिंतीचं भोक मिळालं तर तिची पिल्लंही बाहेर येताना बऱ्यापैकी उडतात. बुलबुलाचं घरटं उघडं. जसजशी पिल्लं मोठी होतात तसतसा त्यांचा कालवा वाढतो, खेपा वाढतात, आणि धामणीला, मुंगसाला, कावळ्याला जागा सापडते. सापडली की एकाच वेळी सगळं संपतं. पांगलेल्या तिघांना मात्र एका झडपेत कुणी खाऊ शकत नाही.

यातली कडू बाजू अमेरिकेतल्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडली. त्यांनी गाणाऱ्या पक्ष्यांच्या 18 जातींची माहिती एकत्र तपासली. त्यांतल्या 12 जातींत घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लांचं तग धरण्याचं प्रमाण घरट्यातल्यांपेक्षा कमी निघालं. म्हणजे लवकर बाहेर पडण्यात त्या एका पिल्लाचा तोटा असतो. फायदा आईबापांचा, कारण पांगापांग केल्यानं निदान एक तरी जगण्याची शक्यता वाढते. डाळिंबावर अळी घेऊन बसलेला तो नर पोरांशी एका अर्थानं घासाघीसच करत होता. आईच्या मायेवर आपल्याकडं एवढं लिहिलं गेलंय की हा हिशेब पचायला जड जातो. मला तो मायेच्या विरुद्ध वाटत नाही. दुष्काळी मुलुखातल्या आया एका पोराला मामाकडं, एकाला वसतिगृहात आणि एकाला ऊसतोडीच्या टोळीबरोबर पाठवतात तेव्हा असंच काही मनात मांडत असतील.

पांगल्यानंतरचे दोन आठवडे कुणी पाहत नाही, कारण पाहण्यासारखं काही दिसतच नाही. पिल्लं पानांत दडून बसतात. आईबाप त्यांना भरवत राहतात, पण आता घराला ठिकाण नाही. सकाळी शेवग्यात असलेलं पिल्लू दुपारी लिंबात असतं. त्याला शोधायचं कसं? आवाजानं. पिल्लू थोड्या थोड्या वेळानं एकच बारीक सूर काढतं, आईबाप आसपास येऊन साद घालतात, उत्तर आलं की चोच नेमकी त्या पानाआड जाते. घारीची सावली पडली तर मोठ्यांचा सूर बदलतो आणि पिल्लं जागच्या जागी गप्प होतात. घरट्याच्या काड्यांनी जे कुटुंब एकत्र ठेवलं होतं ते आता निव्वळ आवाजावर चालतं.

आणि आमचं गाव आवाज बनवतं.

बुलबुलांचा विणीचा हंगाम आणि लग्नसराई एकाच वेळी येतात. दिवाळीपर्यंत ही पिल्लं मोठी होऊन गेलेली असतात, म्हणून दिवाळीचा त्रास त्यांना वेगळा. वैशाखात मात्र नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडं निघतो, पुढं वाजंत्री, त्याच्या पुढं औट, म्हणजे मोठ्या आवाजाचे फटाके. गोरज मुहूर्त म्हणजे दिवस मावळतानाची वेळ. नेमकी तीच वेळ पिल्लांच्या शेवटच्या घासाची. अंधार पडला की बुलबुल भरवत नाही, ज्याला घास चुकला त्याला सकाळपर्यंत उपाशी राहायचं. औट फुटला की परसातले सगळे सूर एकदम थांबतात. साळुंक्या उठून जातात, नर-मादी लिंबाच्या शेंड्यावर जाऊन चिडून ओरडतात, आणि खाली कुठं तरी तीन पिल्लं चोची मिटून बसतात. लग्न लागून पंगती बसेपर्यंत अंधार झालेला असतो.

हा केवळ माझ्या परसातला संशय नाही. नेदरलँड्समध्ये नववर्षाच्या मध्यरात्रीची आतषबाजी सुरू होताच हजारो पक्षी हवेत उठल्याचं हवामान खात्याच्या रडारवर दिसलं आहे. पक्षी शेकडो मीटर वर गेले होते. ते उडू शकणारे पक्षी. उडू न शकणाऱ्याचं काय होतं हे रडारवर दिसत नाही.

शेजारच्या काकू फटाक्याच्या कारखान्यात जातात. लिंब त्यांचाच, आणि पिल्लं बहुतेक त्यांच्याकडंच मुक्काम हलवतात. एकदा मी त्यांच्यापाशी हा विषय काढला. त्या हसल्या. म्हणाल्या, "आवाज नाही झाला तर गिऱ्हाईक माल परत आणतंय की. फुसका निघाला म्हणतंय. मग आमच्या हाताला काय?" मला उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. फुटल्या जागेपासून चार मीटरवर 125 डेसिबलपेक्षा जास्त आवाज होईल असा फटाका बनवू नये, असा केंद्राचा नियम 1999 पासून आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली. नियम आहेत. पण आमच्या माळरानावर पावसाच्या भरवशावर सोयाबीन पेरणाऱ्या घरात फटाक्याच्या कारखान्याची मजुरी हीच वर्षभराची खात्री असते. शहरात बसून फटाके बंद करा म्हणणाऱ्यांचं मला म्हणूनच फारसं कौतुक नाही.

शिवाय या धंद्यानं पाखरांना एक गोष्ट न मागता दिलीही आहे. स्फोटकांच्या नियमांप्रमाणे शेडपासून शेड लांब ठेवावी लागते, मधली जमीन मोकळी सोडावी लागते. मोकळ्या खडकाळ माळावर टिटवी उघड्यावर अंडी घालते. तिच्या पिल्लांना तर घरटं सोडण्याचा प्रश्नच नाही, अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांत ती आईमागं चालू लागतात. आगीच्या भीतीनं राखलेली जागा टिटवीच्या कामी येते.

त्याच काकूंनी एका संध्याकाळी भिंतीवरून हाक मारली, "अवो, पिल्लू पडलंय बघा! उचला की, मांजर खाईल." ओंजळीत धरून त्यांनी त्याला दुधाचं बोट लावायची तयारी केली होती. पिल्लू पडलं नव्हतं, उतरलं होतं. लिंबाच्या खालच्या फांदीवर ठेवलं आणि आम्ही दोघं ओसरीत सरकलो. थोड्या वेळानं मादी आली, चोचीत लिंबोळीएवढा किडा. काकू म्हणाल्या, "घ्या, हिला ठावंच होतं की." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मांजराला संध्याकाळी आत कोंडायला सुरुवात केली. ते मांजर माझ्याकडं अजून रागानं बघतं.

म्हणून वैशाख-ज्येष्ठात अंगणात आखूड शेपटीचं, पिवळ्या ओठांचं पिल्लू दिसलं तर ते अनाथ समजू नका. पिसं फुटलेली असतील आणि जखम नसेल तर ते आपल्या वेळेला बाहेर आलेलं आहे. रस्त्यात असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, ही समजूत खोटी आहे. दूध पाजू नका, ते पाखरांना पचत नाही. चोचीत पाणीही सोडू नका, ते श्वासनळीत जातं. पिंजऱ्यात ठेवून वाढवायचा मोह झाला तर बुलबुल पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे हे ध्यानात ठेवा. बाजूला व्हा, मांजर-कुत्र्याला तासभर आवरा, एवढं पुरतं.

आणि लग्न गोरज मुहूर्ताचं असेल तर औट गल्लीत न लावता गावाबाहेर माळावर नेऊन लावा. आवाज गावात पोचणार नाही ही काळजी करू नका, तेरखेड्याचा माल आहे.