सासूबाई, ट्रेलर आणि टायोगाचा घाट

तुमचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल, तर उन्हाळ्यात तुम्हाला तिकडे बोलावणं येतंच. मग ठरलेला प्रश्न येतो: आईबाबांना कुठे न्यायचं? हॉटेल महाग, आणि तंबूत जमिनीवर झोपायला गुडघे तयार नसतात. आमच्या सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गेल्या वेळी ‘तुम्ही जा, मी घरी थांबते’ म्हणून त्या चार दिवस फ्रीमाँटच्या घरात एकट्या बसून राहिल्या. त्याची रुखरुख आम्हाला वर्षभर होती. या वेळी आम्ही १३ फुटी छोटा ट्रेलर भाड्याने घेतला. आत पलंग, शेगडी, सुटा संडास आणि आतून लागणारी कडी. त्या कडीवर सासूबाई खूश झाल्या.

ओढणार होती आमची टोयोटा सिएना. ही हायब्रिड गाडी आहे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून चालते. कंपनीने तिला ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो ओढायची मर्यादा दिलीय. ट्रेलरचं रिकामं वजन ६५० किलो. म्हणजे प्रश्नच नाही, असं आम्हाला वाटलं. इथेच आमचं चुकलं, म्हणून हे तुम्हाला सांगतेय.

वजन किती, याइतकंच ते कुठे ठेवलंय याला महत्त्व असतं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या हुकवर यायला हवा. आम्ही काय केलं? पाण्याचे कॅन, तांदूळ, कुकर, खुर्च्या, सगळं मागच्या दारातून आत ढकललं आणि तिथेच ठेवलं. नुसतं पाणीच ७० किलो होतं.

अल्टामाँटच्या खिंडीत डोंगरभर पवनचक्क्या आहेत. त्या उगाच तिथे उभारलेल्या नाहीत. वारा तसाच असतो. उतारावर एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडा, मग गाडीलाही डावी-उजवीकडे खेचू लागला. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ५५ मैलांची मर्यादा आहे, आणि आम्ही ६३ वर होतो. नवऱ्याने ब्रेक दाबला नाही, हे नशीब. अशा वेळी जोरात ब्रेक मारला की ट्रेलर आणखी आडवा होतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने वेगळे लावायची सोय असेल तर ती वापरायची. मागच्या सीटवर मुलं गप्प झाली होती. सासूबाईंनी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती.

ट्रेसीला एका दुकानाच्या पार्किंगमध्ये आम्ही अख्खा संसार बाहेर काढला. जड सामान चाकांच्या जरा पुढे लावलं, अर्धं पाणी ओतून दिलं. (पाणी कॅम्पवर मिळतं. ओझं वाहत कशाला नेलं, देव जाणे.) मग ट्रक थांबतात तिथल्या वजनकाट्यावर गेलो. ट्रेलर ८७० किलो भरला. निघण्याआधी गाडीच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकरही वाचा. माणसं, सामान आणि हुकवरचा भार मिळून गाडीत किती चालेल, ते तिथे लिहिलेलं असतं. पाच जण बसले की त्यातलं बरंचसं तिथेच संपतं.

चढावर हायब्रिडचा स्वभाव कळतो. तिची बॅटरी लहान असते. लांब चढाला ती लवकर उतरते आणि मग सगळं ओझं एकट्या इंजिनावर. ते एकाच चढ्या सुरात ओरडत राहतं. ‘हिला दमा आहे का रे?’ सासूबाईंनी विचारलं. दमा नाही, रचनाच तशी. एरवी गॅलनला ३५ मैल देणारी गाडी १९ वर आली. त्यात वजनापेक्षाही ट्रेलरच्या रुंद तोंडावर आदळणाऱ्या हवेचा वाटा मोठा.

रात्री ८,००० फुटांवर मुक्काम केला. इतक्या उंचीवर पाणी सुमारे ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांनी आमची अब्रू राखली. योसेमिटीत अस्वलं असल्यामुळे खाण्याच्या आणि वासाच्या वस्तू लोखंडी पेटीत ठेवतात. मेतकूट आणि खोबरेल तेल रात्रभर शेजारी शेजारी कुलपात होतं.

दुसऱ्या दिवशी टायोगा खिंड. ९,९४३ फूट, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. हिवाळ्यात हा रस्ता बर्फामुळे बंद असतो. खिंडीपलीकडे ली व्हायनिंगपर्यंत सुमारे १२ मैलांत ३,००० फुटांहून जास्त उतार, आणि एका बाजूला खोल दरी. हायब्रिड गाडी उतारावर वेग कमी करताना वीज बनवून बॅटरी भरते. आम्हाला वाटलं, झालं, ब्रेकची काळजी मिटली! पण काही मैलांतच बॅटरी भरली. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही, आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येऊ लागतो. नवरा पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत होता.

‘करपल्याचा वास येतोय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘गाडी बाजूला घे.’

माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. गगनबावड्याचा घाट त्यांनी किती वर्षं चढला-उतरला, ते सासूबाईंना तोंडपाठ आहे. अर्धा तास चाकं थंड होईपर्यंत त्या दरीकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ते सांगायचे, ज्या गियरवर घाट चढला त्याच गियरवर उतरायचा. ब्रेकवर उतरायचा नाही.’

या गाडीला तसे गियर नाहीत, पण ‘एस’ मोड आहे. त्यात टाकलं की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. आवाज मोठा होतो, घाबरायचं नाही. सुरुवातीपासूनच हळू जायचं. ब्रेक लागला तर थोडा वेळ ठाम दाबून सोडायचा. उरलेला घाट आम्ही तसाच उतरलो. मागे गाड्या साचल्या की कडेच्या मोकळ्या जागेत थांबून त्यांना जाऊ दिलं. सासूबाई प्रत्येक वळणाला ‘सावकाश’ म्हणत होत्या, पण आवाजात भीती नव्हती.

मोनो लेकवर संध्याकाळी पोहोचलो. खाऱ्या पाण्यातून वर आलेले चुनखडीचे पांढरट सुळके त्या ट्रेलरच्या दारात बसून कितीतरी वेळ बघत होत्या. चहा दोनदा झाला. सासऱ्यांबद्दल आणखी काही बोलतील असं वाटलं होतं, पण नाही बोलल्या.

परतताना ओकडेलच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली. कोल्हापूरला न्यायला त्यांना दहा किलो बदाम हवे होते. पिशव्या हातात घेऊन त्या ट्रेलरपाशी उभ्या राहिल्या आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, ‘चाकांच्या पुढे ठेवू ना?’