शब्द तोच, फोन वेगळा

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना अनोळखी शब्द फारसे अडवत नाहीत. घोळ घालतात ते ओळखीचे शब्द. आमच्या मुलांना ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीच्या पुस्तकात मात्र पैलवान तालमीत जातो आणि नाटकाची तालीम चालते. मुलांच्या घरी ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी. मराठीत ते पाठीवर अडकवून शाळेत येते. ‘राजीनामा’ उर्दूत समेटाचा कागद, मराठीत नोकरी सोडण्याचा. आणि ‘शिकस्त’ तर उर्दूत सरळ पराभव. मराठीत कुणी प्रयत्नांची शिकस्त केली की त्याचे कौतुक होते. दहावीच्या उत्तरपत्रिकेत अशा एकेका शब्दाने अख्ख्या वाक्याचा अर्थ उलटा होतो.

मालेगावातल्या आमच्या वर्गात या शब्दांची यादी आम्ही बरीच वर्षे फळ्यावर लिहीत आलो. मुले ती वहीत उतरवून घेत आणि वही यंत्रमागाच्या खटखटाटात घरी कुठेतरी हरवत असे. म्हणून गेल्या वर्षी ठरवले की ही यादी मोबाईलमध्ये जाऊ द्यावी. आमचा भाचा संगणकाचा डिप्लोमा करतो. तो म्हणाला, “मामू, शब्द तुम्ही द्या, बांधणी मी करतो.” चारशे शब्द निवडले. प्रत्येकाचा उर्दू अर्थ, मराठी अर्थ, एक वाक्य, आमच्याच आवाजातला उच्चार आणि रोज सकाळी नोटिफिकेशनने येणारा एक नवा शब्द, असे ते ॲप. सुट्टीत ते तयार झाले आणि भाच्याच्या फोनवर अगदी व्यवस्थित चालू लागले.

वर्गात मात्र निराळाच प्रकार झाला. काहींच्या फोनमध्ये ते उतरलेच नाही. काहींचे उतरले, पण बोट लावताच बंद झाले. काहींचे सगळे चालले, फक्त सकाळचा शब्द येईना. एका मुलीच्या घरी एकच फोन, तोही तिच्या अब्बांचा. ते रात्रपाळीहून आले की सकाळी तासभर तो तिच्या हाती येतो. तिची अम्मी शाळेत आली तेव्हा म्हणाली, “सर, मोबाईल पुराना है, इसमें बच्ची का क्या क़ुसूर?” या प्रश्नाला ‘नवा फोन घ्या’ हे उत्तर देता येण्यासारखे नव्हते. ज्या घरी शिकवणी लावायला पैसे नाहीत, त्याच घरी फोनही सर्वांत जुना असतो. म्हणजे ॲपची गरज ज्या मुलांना सर्वांत जास्त, नेमकी तीच बाहेर राहत होती.

संगणकाचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही, पण हजेरीपट भरायची सवय आहे. ती इथे उपयोगी पडली. एका वहीत तीन रकाने आखले: फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती आणि नेमके काय होते. आवृत्ती फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ या भागात लिहिलेली असते. वही भरल्यावर नावांचा क्रम मोडून आवृत्तीप्रमाणे यादी पुन्हा लावली आणि गोंधळ एकदम ओळीत उभा राहिला. अँड्रॉइड 6 आणि त्याखाली ॲप उतरत नव्हते. 7 वर उतरून बंद पडत होते. 8 ते 12 वर सगळे ठीक. 13 आणि त्यापुढे सकाळचा शब्द गायब. एक आजार समजून आम्ही ज्याच्याकडे पाहत होतो, ते तीन निरनिराळे आजार होते.

हे असे का होते, ते भाच्याने समजावले आणि आम्ही ते आमच्या भाषेत उतरवून घेतले. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला आतला एक क्रमांक असतो, त्याला एपीआय पातळी म्हणतात. अँड्रॉइड 6 म्हणजे 23, 7 म्हणजे 24, 8 म्हणजे 26, 13 म्हणजे 33. ॲप बांधताना तीन आकडे द्यावे लागतात. पहिला, बांधणारा कोणत्या पातळीचा शब्दकोश हाताशी धरून लिहितो आहे. दुसरा, कोणत्या पातळीचे नियम पाळायचे कबूल करतो आहे. तिसरा, कोणत्या पातळीच्या खालच्या फोनला दारातूनच परत पाठवायचे. शब्दकोश नव्या आवृत्तीचा असला तरी हरकत नाही. अडचण येते ती नव्या कोशातला शब्द जुना कोश बाळगणाऱ्यापुढे उच्चारला की. आमच्या मुलांना ‘तालीम’ शब्द दिसतो तसेच हे. फरक इतकाच, की मुले चुकीचा का होईना, अर्थ लावतात. फोन अर्थ लावत बसत नाही, तो ॲप बंद करून टाकतो.

पहिला आजार सोपा निघाला. बांधणीचे साधन, म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ, नवे काम सुरू करताना किमान पातळी म्हणून 24 सुचवते. अँड्रॉइड 6 ची पातळी 23, म्हणून फोन ‘पॅकेज वाचता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश दाखवून थांबत होता. आकडा 23 केला आणि ॲप उतरले. पण उतरले म्हणजे चालले असे नाही. तेही आता अँड्रॉइड 7 सारखेच उघडताक्षणी मिटू लागले.

इथे भाच्याने फोन तारेने संगणकाला जोडला आणि ‘लॉगकॅट’ नावाची खिडकी उघडली. फोन आत काय काय करतो त्याची नोंद तिथे ओळीओळीने पडत असते. बंद पडण्याच्या क्षणी लाल अक्षरांत एक परिच्छेद आला. लाल अक्षरे दिसली की लोक घाबरून खिडकी मिटतात, पण सारे निदान त्यातच असते. तिथे स्पष्ट लिहिले होते की तारीख काढण्यासाठी वापरलेला ‘जावा टाइम’मधला भाग या फोनला सापडला नाही. तारखा हाताळण्याची ही सोय अँड्रॉइडमध्ये आली ती 2017 साली, आवृत्ती 8 बरोबर. ‘आजचा शब्द’ ठरवायला आजची तारीख लागते. ॲप उघडताच ती विचारत होते आणि जुना फोन गप्प होत होता. यावर उपाय 2020 पासून उपलब्ध आहे, त्याला ‘डीशुगरिंग’ म्हणतात. जुन्या फोनकडे जो भाग नाही, तो बांधणीच्या वेळीच ॲपच्या पोटात घालून पाठवायचा. पाहुणा ज्या घरी जाणार तिथे चादर नाही हे माहीत असेल, तर त्याने आपली चादर सोबत न्यावी, तसे. दोन-तीन ओळींची भर पडली आणि अँड्रॉइड 6 व 7 दोन्हीवर ॲप उघडू लागले.

एवढ्यावर सुटका झाली असे वाटले, तर त्या फोनांवर उच्चार ऐकू येईना. आवाजाच्या फाइली आम्ही एका सर्व्हरवर ठेवल्या होत्या. आधी फोनची तारीख तपासली, कारण जुन्या फोनची बॅटरी पूर्ण उतरली की तारीख भलतीच होते आणि त्यानेही सुरक्षित जोडणी तुटते. तारीख बरोबर होती. मग कारण सापडले ते प्रमाणपत्रात. सर्व्हर आपली ओळख पटवायला एक दाखला दाखवतो आणि फोन त्यावरची सही ओळखीची आहे का ते पाहतो. आमच्या सर्व्हरचा दाखला देणारी मोफत संस्था नवी. तिची सही अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीच्या फोनांच्या यादीतच नाही. काही वर्षे एका जुन्या संस्थेची जोडसही असल्याने काम भागत होते; ती सोय 30 सप्टेंबर 2024 रोजी संपली. बोनाफाईड दाखला खरा, शाळाही खरी, पण खिडकीवरच्या कारकुनाकडे नव्या मुख्याध्यापकांच्या सहीचा नमुनाच पोहोचलेला नाही, असा हा प्रकार. सुरक्षेची तपासणीच बंद करून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. मुलांच्या फोनमध्ये तसे करणे आम्हाला पटले नाही. त्यापेक्षा चारशेही उच्चार लहान आकाराच्या एमपीथ्री फाइली करून ॲपमध्येच घातले. सगळे मिळून सात एमबीच्या आत बसले. प्रश्न तर सुटलाच, शिवाय इंटरनेटचा पॅक संपलेल्या घरीही शब्द बोलू लागला. काही अडचणी सोडवण्यापेक्षा टाळलेल्या बऱ्या, ते असे.

तिसरा आजार उलट्या दिशेचा. जुन्यावर चालते आणि नव्यावर नाही, हे ऐकायला विचित्र वाटते. 2022 साली आलेल्या अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशन दाखवण्याआधी वापरणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. न विचारणाऱ्या ॲपचे नोटिफिकेशन फोन मुकाट्याने गिळतो. बंदही पडत नाही, तक्रारही करत नाही. आता ॲप आधी फोनची पातळी पाहते. 33 किंवा त्याहून वर असेल तर परवानगी मागते, खाली असेल तर तो प्रश्नच विचारत नाही. एकाच वर्गात दोन पातळ्यांची मुले असली की शिक्षकही हेच करतो.

उर्दू मजकुराची एक गोष्ट या यादीबाहेरची, पण सांगण्यासारखी. उजवीकडून डावीकडे मांडणीची सोय अँड्रॉइडमध्ये 4.2 पासून आहे, म्हणून तिथे अडले नाही. पण फोनमधली उर्दू बहुधा नस्ख वळणात दिसते आणि आमची मुले पाठ्यपुस्तकात नस्तालीक वाचतात. म्हणून नस्तालीकचा फाँट ॲपसोबतच दिला. हे वळण तिरके उतरत जाते, त्याला उंची जास्त लागते. मराठीच्या ओळीइतकीच जागा दिली तर वरचे नुक्ते कापले जातात आणि नुक्ता गेला की शब्द बदलतो. उर्दू ओळींची उंची वाढवली, तेव्हा सर्व फोनांवर अक्षर पूर्ण दिसू लागले.

प्रश्न उरला तो किती खाली उतरायचे याचा. वर्गात दोन फोन अँड्रॉइड 4.4 चे होते, 2013 सालचे. गूगलने त्या आवृत्तीसाठी आपल्या प्ले सर्व्हिसेसचा आधार 2023 मध्ये थांबवला. ॲपला लागणाऱ्या काही तयार लायब्ररींची किमान अट 23 आहे. त्याखाली जायचे तर जवळजवळ सगळे नव्याने लिहावे लागले असते. आम्ही 23 वर थांबलो आणि त्या दोन मुलांसाठी चारशे शब्दांची छापील पुस्तिका काढली. ती पाहून आणखी अकरा मुलांनी मागितली, ही गंमत निराळी.

वरची बाजू आपल्या हाती नसते. प्ले स्टोअरवर ठेवायच्या नव्या ॲपने 31 ऑगस्ट 2025 पासून अँड्रॉइड 15 चे, म्हणजे पातळी 35 चे नियम पाळलेच पाहिजेत आणि हा आकडा दरवर्षी वर सरकतो. पण नियम पाळण्याचा आकडा आणि दार बंद करण्याचा आकडा वेगवेगळे आहेत, हे आम्हाला या सगळ्या खटाटोपात उमगले. नव्या फोनचे कायदे पाळायचे म्हणून जुन्या फोनला हाकलावे लागते असे नाही. तळाची पायरी कुठे ठेवायची, ते बांधणाराच ठरवतो. बांधणाऱ्याच्या हाती बहुधा नवा फोन असतो, म्हणून जुन्या फोनची आठवण त्याला कुणीतरी करून द्यावी लागते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलगा किंवा मुलगी संगणक शिकत आहे. त्यांना एवढे सांगा: ‘माझ्या फोनवर चालते’ हे उत्तर नव्हे. संगणकात ‘एम्युलेटर’ वापरून जुन्या अँड्रॉइडचा आभासी फोन उघडता येतो, त्यावर पाहा. आणि एकदा तरी खऱ्या जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर पाहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. स्टुडिओ एखाद्या ओळीखाली लाल रेघ मारून ‘हे अमुक पातळीपासूनच चालते’ असे सांगत असेल, तर ती ओळ वाचा.

पालकांनाही दोन गोष्टी. फोन घेताना, विशेषतः जुना घेताना, कॅमेऱ्याआधी अँड्रॉइडची आवृत्ती पाहा. फार जुन्या फोनला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत; त्यावर मुलांनी शब्द शिकावेत, पण बँकेचे व्यवहार करू नयेत. आणि कपाटात पडून असलेला, चालू स्थितीतला जुना फोन भंगारात देऊ नका. त्यातले फोटो, खाती, सिमकार्ड काढा, सेटिंगमधून तो पूर्ण पुसा आणि जवळच्या शाळेला द्या. आमच्या कपाटात असे पाच फोन जमले आहेत. ॲपची नवी आवृत्ती आली की दहावीच्या मुली ते पाचही बाकावर मांडतात, वहीतले रकाने भरतात आणि सर्वांत जुन्या फोनवर ‘शिकस्त’ नीट वाजला की मगच ती वर्गात वाटू देतात.