मनमाडच्या पुढचं गाव

भाचीसाठी मालेगावचं स्थळ आलं आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. मुलगा पुण्यात इंजिनिअर, पाच वेळचा नमाजी, निर्व्यसनी, भाचीला कॉलेजपासून ओळखणारा. खोट एकच, गावाचं नाव. मेहुणे म्हणाले, “आपा, उद्या पोरगी पासपोर्ट काढायला गेली आणि पत्त्यात मालेगाव दिसलं, तर?” बहीण म्हणाली, “टीव्हीवर बघत नाही का तुम्ही? तिथं कायम पोलीसच दिसतात.” मी विचारलं, आपल्यापैकी कुणी गेलंय तिथं? कुणीच गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याही पोटात कुठेतरी गोळा आलाच होता.

म्हणून आम्ही दोघी बहिणी आणि मेहुणे मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. मालेगावला रेल्वे नाही. पहाटे मनमाडला उतरायचं आणि एसटी धरायची. बाहेर कांद्याची शेतं, मध्येच डाळिंबाच्या बागा. बाकी नाशिक जिल्ह्यासारखाच हा भाग. बसमध्ये टोपी-दाढीवाले होते तसेच पांढरी गांधी टोपी घातलेले शेतकरीही होते आणि बोलणं सगळं कांद्याच्या भावाचं चाललं होतं.

मालेगावात उतरलो तेव्हा सात वाजले असतील. रिक्षा मोहल्ल्यात शिरली. दुकानांची शटर खाली, गल्ल्या रिकाम्या, कसलाही आवाज नाही. बहिणीने माझा हात घट्ट धरला. “आपा, काही झालंय की काय? कर्फ्यू तर नाही?” मेहुण्यांनी खिशातून मोबाइल काढून बातम्या बघायला सुरुवात केली. रिक्षावाल्याने मागे न बघताच उत्तर दिलं, “जुमा है ना खाला. आज सांचे बंद रहते हैं. लोग सो रहे हैं.”

आठवड्याची सुट्टी होती! रविवारी सकाळी सांगलीचा बाजार असा दिसला असता तर आम्हाला कर्फ्यू आठवला नसता. आम्ही तिघेही मुसलमान, तिघेही शिकलेले, आणि एका मुस्लिम गावात शांतता दिसली तर आमच्या मनात पहिल्यांदा दंगल आली. दुसऱ्यांना काय दोष द्यायचा?

मुलाच्या घरी खालच्या मजल्यावर माग आणि वर राहतं घर. वडील हयातभर मागावर. नाश्ता झाल्यावर त्यांनी मुद्दाम खाली नेऊन सगळं दाखवलं. ताणा कसा बसतो, धोटा कसा धावतो, तुटलेला धागा कारागीर चालू मागावर कसा जोडतो. इथे निघतं ते कच्चं कापड, रंगायला पाली-बालोत्र्याकडे जातं. आपण अंगावर घालतो त्या कापडावर मालेगावचं नाव कुठेच नसतं. ही विणकर मंडळी १८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातून आलेल्यांची पोरं-नातवंडं. त्यांच्याही आधीपासून गावाला नारो शंकरांचा किल्ला आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावरही त्यातल्या अरब शिपायांनी तो इंग्रजांविरुद्ध लढवला होता. आता त्या किल्ल्यात शाळेची मुलं खेळतात. बातमीत यातलं काही येत नाही. बातमीत गावाच्या नावाआधी ‘संवेदनशील’ हा शब्द येतो, जणू तो नावाचाच भाग असावा.

जुम्याची नमाज झाल्यावर मुलाचे वडील आम्हाला बडा कब्रस्तानकडे घेऊन गेले. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शबे-बरातचा दिवस. नमाज संपवून लोक बाहेर पडत होते तेव्हा इथे आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलंही. आणि पुढे पकडले गेले ते नऊ मुस्लिम तरुण. आपल्याच कब्रस्तानात, शबे-बरातला, आपल्याच पोरांवर बॉम्ब टाकणारे म्हणून. हे पटायला अवघड होतं, पण देशाला पटलं, कारण मनात चित्र आधीच तयार होतं. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, जामीन मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं. तोवर त्यांच्यातला एक अल्लाहला प्यारा झाला होता. अटकेची बातमी मला आठवते, पहिल्या पानावर फोटोंसकट. सुटकेची आठवते का, म्हणून मी मेहुण्यांना विचारलं. ते गप्प राहिले. मलाही ती इथे येण्याआधी नीट ठाऊक नव्हती. २९ सप्टेंबर २००८ ला, रमजानमध्ये, भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले. मुलाचे वडील एवढंच म्हणाले, “तर मग केलं कोणी, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.”

२०२० मध्येही तेच. एप्रिल-मेमध्ये मालेगाव करोनाचं केंद्र ठरलं आणि तबलीगच्या नावाने सगळ्यांच्या तोंडी ते आलं. दाट वस्ती, लहान खोल्या, एका पाठोपाठ एक पाळीत झोपणारे कामगार, ही कारणं कुणाला सांगायची नव्हती. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि प्रसारमाध्यमांच्या प्रचारावर कडक शब्द वापरले. तेव्हा चॅनेल दुसऱ्या विषयावर गेले होते. गंमत म्हणजे साथ उतरल्यावर तेच बाहेरचे लोक इथल्या मन्सूरा युनानी कॉलेजच्या काढ्याची पाकिटं मागवत होते.

संध्याकाळी मुलाने थोडं मन मोकळं केलं. पुण्यात खोली शोधताना गाव विचारलं की मालकाचा आवाज बदलतो, म्हणून तो हल्ली ‘नाशिक जिल्हा’ सांगतो. “खोटं तर नाही ना आँटी?” त्याने मला विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. मग विषय बदलायला त्यानेच नासिर शेख यांच्या ‘मालेगाव के शोले’चं काढलं. घोडे परवडत नाहीत म्हणून डाकू सायकलवर! मागावर राबणाऱ्या पोरांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेला सिनेमा आणि पुढे या वेड्यांवर माहितीपट निघाला, २०२५ मध्ये हिंदी चित्रपटही. मेहुणे पहिल्यांदा मोठ्याने हसले.

रात्री जेवताना मात्र वेगळंच घडलं. मुलाची अम्मी भाचीच्या आईकडे बघत संकोचून म्हणाल्या, “बुरा मत मानना, पर मिरज का नाम सुना तो मैं भी दो दिन सोई नहीं. वहाँ तो २००९ में गणपती के वक्त दंगा हुआ था ना? बच्ची वहाँ से आएगी, हमारा लड़का वहाँ जाएगा...”

बहीण उसळलीच. मिरज म्हणजे काय फक्त दंगल? आमच्याकडे सतारी बनतात, अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने गाणं होतं, अर्ध्या कर्नाटकातून पेशंट आमच्या दवाखान्यांत येतात! ती बोलत राहिली आणि मध्येच थांबली. अम्मींनी तिच्या ताटात आणखी एक चमचा बिर्याणी वाढली. सूरह हुजुरातमध्ये बातमीची खातरजमा करण्याविषयी आणि गुमानाविषयी आलं आहे, ते आम्ही दोघींनी लहानपणी एकाच मकतबमध्ये पाठ केलं होतं.

शनिवारी पहाटे मागांच्या खडखडाटाने जाग आली. भिंत, पलंग, पाण्याचा ग्लास, सगळं थरथरत होतं. परतीच्या गाडीत बहीण तक्रार करत होती. धूळ फार, गल्ल्या अरुंद, तो आवाज तर डोकं उठवतो, आणि सालनात तिखट किती घालतात! मेहुणे म्हणाले, मुलाला पुण्यात घर आहे, सणावारापुरतंच जायचंय. पासपोर्टचं कुणी काढलं नाही.

तारीख अजून ठरलेली नाही. मेहरच्या रकमेवर बोलणी अडली आहेत.