पहिल्या टिंबापाशी थांब

प्रिय सोनू,


ताईचा काल फोन आला होता. पुण्यातल्या एका क्लासने सीसीएनए, सीसीएनपी, फायरवॉल आणि क्लाउड असं चारही एकत्र शिकवणारा कोर्स सुचवलाय, वर नोकरीची शंभर टक्के हमी दिलीय, आणि भाऊजी त्यासाठी एफडी मोडायला निघालेत, असं ती म्हणाली. एफडी मोडू नका, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. पण तुला नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही. मग करायचं काय, हेही सांगायला हवं. तुझ्यासारखी पुष्कळ मुलंमुली पदवी हातात घेऊन याच विचारात असतात, म्हणून हे पत्र उघडच लिहितेय. त्यांनीही वाचावं.

तू निवडलेलं नेटवर्किंगचं क्षेत्र चांगलं आहे, याबद्दल मनात किंतु ठेवू नकोस. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते मोजक्या शहरांत आणि मोजक्या लोकांकडे होतं. आज तुमच्या पतसंस्थेची तालुक्याची शाखा, जिल्हा रुग्णालय, कॉलेजचं ऑफिस, सगळं नेटवर्कवर चालतं. परदेशातून समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि ऐरोली, रबाळे, महापे भागात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्यात. हे सगळं उभं करायला, चालू ठेवायला आणि बंद पडलं की बिघाड शोधून काढायला माणसं लागतात. मला या कामाची ओढ लागली ती या शेवटच्या भागामुळे. बिघाड कुठे आहे हे पुराव्यानिशी सांगता येणं, यासारखं समाधान मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

आता सीसीएनए. सिस्को कंपनीने ही परीक्षा १९९८ मध्ये आणली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिचे वेगवेगळे फाटे बंद करून एकच परीक्षा ठेवली, २००-३०१. वेळ १२० मिनिटं, फी ३०० अमेरिकी डॉलर आणि वर कर. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. बसण्यासाठी कुठल्याही पदवीची किंवा क्लासच्या दाखल्याची अट नाही, हे नीट लक्षात ठेव. क्लासवाले हे आपणहून सांगत नाहीत. परीक्षा एका कंपनीची असली तरी आयपी पत्ते, स्विचिंग, राउटिंग हा गाभा सगळ्या कंपन्यांच्या उपकरणांत तोच राहतो. कॉम्पटियाची नेटवर्क प्लस ही कोणत्याही कंपनीला न बांधलेली परीक्षाही चांगली आहे, पण माझ्या पाहण्यात आपल्याकडच्या मुलाखतींत पहिली चौकशी सीसीएनएचीच होते. तेव्हा तीच धर.

आणि ती एकटीच धर. सीसीएनपी देणाऱ्यांकडे बहुतेक वेळा तीन ते पाच वर्षांचा अनुभव असतो, असं सिस्को स्वतःच सांगते. कामाचा एक दिवसही अनुभव नसताना बायोडेटावर सीसीएनपी लिहिलंस, तर मुलाखत घेणारा तुला त्याच पातळीचे प्रश्न विचारणार, आणि तिथे पाठांतर तिसऱ्या प्रश्नाला संपतं. चार प्रमाणपत्रांची नावं घेऊन आलेल्या मुलांना साधा सबनेट काढता न आल्याने परत जाताना मी मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलंय. वाईट वाटतं, कारण त्यांच्या घरच्यांचा पैसा गेलेला असतो.

अभ्यास कसा करायचा, याचं एकच उदाहरण सविस्तर देते. पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या साइटवर खातं उघडलं की फुकट मिळतं. त्यात एक राउटर घे, एक स्विच घे, एक संगणक जोड आणि पत्ते दे. मग राउटरवरून त्या संगणकाला पिंग कर. राउटर पाच पॅकेट पाठवतो. पडद्यावर बहुधा आधी एक टिंब उमटेल आणि मग चार उद्गारचिन्हं. खाली लिहून येईल, यश ८० टक्के. पुन्हा पिंग कर. आता पाचही उद्गारचिन्हं, १०० टक्के. बहुतेक विद्यार्थी इथे ‘चाललं’ म्हणतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. तू त्या पहिल्या टिंबापाशी थांब.

ते पहिलं पॅकेट का हरवलं? राउटरकडे संगणकाचा आयपी पत्ता होता, पण प्रत्यक्ष तारेवर फ्रेम टाकायची तर समोरच्याचा मॅक पत्ता लागतो, आणि तो त्याच्याकडे नव्हता. नव्या गल्लीत पोस्टमनने चौकात उभं राहून ‘अमुक कोण?’ अशी हाक मारावी, तशी त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशी एआरपीची विचारणा केली. संगणकाने उत्तर दिलं, राउटरने ते आपल्या टेबलात लिहून ठेवलं. पण या सगळ्यात पहिलं पॅकेट टाकून दिलं गेलं होतं. दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही, म्हणून पाचही पोचली. ‘शो आयपी एआरपी’ ही कमांड दे, ती नोंद तुला दिसेल. मग सगळं नव्याने मांडून पॅकेट ट्रेसरच्या सिम्युलेशन मोडमध्ये हेच कर. विचारणेचं पाकीट स्विचमधून सगळ्या पोर्टांवर जाताना आणि उत्तराचं पाकीट सरळ एकाच पोर्टावरून परत येताना डोळ्यांनी दिसेल.

आता पुढचं. तू एका संगणकावरून पिंग करतेयस आणि समोरचा संगणक राउटरच्या पलीकडे, दुसऱ्या नेटवर्कमध्ये असेल, तर तुझा संगणक एआरपी कुणासाठी करेल? त्या दूरच्या संगणकासाठी नाही, आपल्या गेटवेसाठी. पहिल्याऐवजी पाचही टिंबं आली तर? टिंबांऐवजी ‘यू’ अक्षर आलं तर? टिंब म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही. ‘यू’ म्हणजे वाटेतल्या कुणीतरी ‘तिथे पोचता येत नाही’ असं कळवलं. दोन्हींचा शोध वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतो. मी मुलाखत घेते तेव्हा हेच विचारते, आणि या एका टिंबावर जो मुलगा किंवा जी मुलगी दहा मिनिटं नीट बोलते, त्यांच्याकडे किती प्रमाणपत्रं आहेत हे मी नंतर पाहते.

सबनेटिंगचंही तसंच. १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता कुठल्या नेटवर्कमधला, हे कागदपेन्सिल न घेता सांगता आलं पाहिजे. /२६ म्हणजे ६४-६४ पत्त्यांचे गट, म्हणून ७७ हा ६४ पासूनच्या गटात. नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७, मध्ये उपकरणांसाठी ६२ पत्ते. रोज सकाळी चहा होईपर्यंत अशी पाच गणितं केलीस तरी महिनाभरात हात बसेल. आणि कुणाच्या लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर वायफायला दोष द्यायच्या आधी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीचं उत्तर का आलं नाही, ते बघायचं.

यासाठी लाखाचा क्लास लागत नाही. वेंडेल ओडम यांच्या ‘ऑफिशियल सर्ट गाइड’चे दोन खंड हे या परीक्षेचं नेहमीचं पुस्तक. जेरेमीज आयटी लॅबचा पूर्ण कोर्स यूट्यूबवर फुकट आहे, प्रत्येक धड्याला सरावासकट. इंग्रजी स्पष्ट आणि सावकाश आहे, तुला जमेल. शिस्त लागावी म्हणून क्लास लावायचाच असेल, तर आधी तिथे जाऊन बस. खरे राउटर आणि स्विच आहेत का आणि ते विद्यार्थ्यांच्या हातात देतात का, बघ. नोकरीची हमी लेखी मागून बघ, आवाज लगेच बदलेल. आणि कुणी ‘परीक्षेतलेच प्रश्न’ म्हणून डम्प्स देऊ केले तर त्या दारातून परत फिर. सिस्को अशी प्रमाणपत्रं रद्द करते, पुढच्या परीक्षांना बंदी घालते. शिवाय नोकरीच्या पहिल्या रात्री लिंक बंद पडेल, तेव्हा डम्प्स हाताशी येणार नाहीत.

रात्रीचं बोलले, तर तेही सरळ सांगते. या क्षेत्रातली पहिली नोकरी बहुतेक वेळा नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये मिळते. मोठा हॉल, भिंतीवर पडदे, लाल झालेल्या लिंका आणि चोवीस तास पाळ्या. ताईला याचीच धास्ती आहे, मला माहीत आहे. तिला सांग की महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षिततेची तजवीज लागते आणि घराच्या दारापर्यंत वाहन द्यावं लागतं. नोकरी घेताना हे विचारायचं, आणि विचारताना आवाज खाली आणायचा नाही. रात्रपाळी अवघड असते, झोपेचं आणि जेवणाचं वेळापत्रक विस्कटतं. पण शिकायला मिळतं ते तिथेच, कारण रात्री वरिष्ठ झोपलेले असतात आणि निर्णय तुला घ्यावा लागतो.

तिथे तुला इंग्रजीची जी भीती वाटते, तिचाही उपाय आहे. तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहायला अलंकारिक इंग्रजी लागत नाही. किती वाजता, कुठल्या उपकरणाचं कुठलं पोर्ट बंद झालं, मी काय तपासलं, काय दिसलं, आता कुणाकडे पाठवलं. पाच छोटी वाक्यं. ती सकाळच्या पाळीतल्या माणसाला कळली, की तुझं इंग्रजी पुरेसं आहे. आत्तापासून पॅकेट ट्रेसरमधला प्रत्येक बिघाड अशाच पाच वाक्यांत वहीत लिही.

आणखी एक, जे तुला पुण्यातलं कुणी सांगणार नाही. तुमच्या लातुरात घरोघरी फायबर देणारे लहान सेवादार आहेत. पूर्वीचे केबलवालेच त्यात आलेत. त्यांच्याकडे घरोघरच्या फायबर जोडण्या जिथे येऊन मिळतात तो ओएलटी असतो, फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन असतं, बऱ्याच ठिकाणी मायक्रोटिकचे राउटर असतात. भाऊजींच्या ओळखीने अशा एकाकडे दोन महिने अर्धा दिवस जा. पैसे मागू नकोस. सिग्नल किती पडला, तक्रार खरी की घरातला राउटर गरम झालाय, हे जिना चढून बघणाऱ्या माणसाला जे कळतं ते पुस्तकात नाही. कॅट सिक्सची तार स्वतः क्रिम्प कर. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम बोटांना पाठ झाला पाहिजे. मुली हे काम करत नाहीत असं कुणी म्हणालं, तर तू ते करून दाखवशील, याची मला खात्री आहे.

एआय सगळं करेल मग माणसं कशाला, असं तुझा भाऊ म्हणतो म्हणे. राउटरचं कॉन्फिगरेशन एआय लिहून देतो, खरंय. पण ते बँकेच्या चालू नेटवर्कवर टाकायचं की नाही, हे ठरवणाऱ्याला ते ओळ न् ओळ समजलेलं असावं लागतं. सीसीएनएमध्ये १० टक्के भाग ऑटोमेशनचा आहे. तुला पायथन येतं, ते सोडू नकोस.

चार-सहा महिने, रोज दोन तास, एवढ्यात परीक्षेला बसता येईल. सरावाच्या परीक्षा नीट जायला लागल्या की तारीख घे. प्रत्यक्ष परीक्षेत एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, त्यामुळे घरी सराव करतानाही मागे जाऊ नकोस. फीचे पैसे मी भरेन, भाऊजींची एफडी तशीच राहू दे. आणि नोंदणी करताना नावाची काळजी घे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत असतं. परीक्षेच्या खात्यातलं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही, तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते. पासपोर्टचा अर्ज अजून केला नसशील, तर या आठवड्यातच कर.

तुझी,
मावशी